जुन्या संगणकाचा बायोस: फॉरमॅट मारण्याआधी

दहा-पंधरा वर्षांचा संगणक. सकाळी सुरू केला तर काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ अशी ओळ, आणि खाली एफ१ दाबायची सूचना. ते बटण दाबलं की विंडोजचं चिन्ह क्षणभर दिसतं आणि लगेच निळी स्क्रीन. मशीन पुन्हा सुरू होतं, पुन्हा तेच. कोणीतरी जाणकार येतो, म्हणतो, “हार्डडिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल.” आणि घरातले फोटो, शाळेचे निकाल, सोसायटीचे हिशेब पुसले जातात. कित्येकदा विनाकारण.

मदरबोर्डवर घड्याळात बसतो तसा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तारीख-वेळ आणि बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग्ज जपणारी सीमॉस नावाची छोटी मेमरी या सेलवर जिवंत राहते. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी एटीमध्ये ती अवघी ६४ बाइट्सची होती आणि त्यातले पहिले १४ घड्याळासाठी होते. सेल संपला की ही मेमरी कोरी होते आणि बायोस कारखान्यात ठरवलेल्या सेटिंग्जवर परत जातो. तिथेच गडबड होते. विंडोज टाकलं तेव्हा सॅटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय होता. आता तो आपोआप आयडीई झाला. विंडोज आपल्या नेहमीच्या ड्रायव्हरने डिस्क शोधतं, डिस्क वेगळ्या भाषेत उत्तर देते, आणि शेवटी ७बी असलेला कोड दाखवून विंडोज थांबतं. डिस्क ठणठणीत, फायली जागच्या जागी. सेल बदलायचा, बायोसच्या सेटअपमध्ये जाऊन सॅटा मोड पूर्वीसारखा करायचा, एफ१० ने सेव्ह करायचं. बिघाड एवढाच असेल तर विंडोज जसंच्या तसं उघडतं. पूर्वी कोणता मोड होता हे आठवत नसेल तर दोन्ही करून बघा. नुसता मोड बदलल्याने डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. रेड असा तिसरा पर्याय दिसला आणि तुमच्याकडे एकच डिस्क असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

“बायोसला हात लावला तर डेटा जातो” ही भीती अज्ञानातूनच आली आहे. बायोसचा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतो, त्याची सेटिंग्ज सेलवरच्या मेमरीत, तुमच्या फायली हार्डडिस्कवर. तीन जागा, तिन्ही वेगळ्या. धोका आहे तो बायोस अपडेट करताना वीज जाण्यात. चिप अर्धवट लिहिली गेली तर मशीन सुरूच होत नाही. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने अनेक संगणकांची हीच चिप खराब केली होती आणि ती मशीन मुकी झाली होती. म्हणून नीट चालणाऱ्या मशीनवर उगाच अपडेट करू नये. सेटअपमध्ये आणखी दोन जागी सांभाळा: व्होल्टेजचे आकडे आणि हार्डडिस्क पासवर्ड. तो पासवर्ड विसरला तर डिस्कच कुलूपबंद होते. बाकी सेटअप उघडून बघायला घाबरू नका. बहुतेक जुन्या डेस्कटॉपवर डिलीट किंवा एफ२ दाबून आत जाता येतं. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. गोंधळ वाटला तर काही सेव्ह न करता बाहेर पडा, काहीही बदलत नाही.

“सेल संपला तर फक्त घड्याळ चुकतं” असं मानणाऱ्यांनी ब्राउझर उघडून बघावा. तारीख काही वर्षं मागे गेली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, कारण त्यांचं प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला अस्तित्वातच नसतं. दोष मात्र इंटरनेटला दिला जातो. शिवाय आपल्याकडे रोज भिंतीवरचं बटण बंद करायची चांगली सवय आहे. मशीनपर्यंत वीज पोहोचत असेल तोवर सीमॉसची मेमरी पॉवर सप्लायवर चालते. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर येतो. सुट्टीभर बंद असलेल्या शाळेच्या संगणक कक्षातलं घड्याळ म्हणूनच चुकलेलं सापडतं.

मशीन कशावरून सुरू व्हावं हे ठरवणाऱ्या बूट क्रमाबद्दलचा घोळ वेगळा. पेनड्राइव्हवरून सिस्टीम टाकायची असते, पहिल्या जागी यूएसबी निवडलेलं असतं, तरी मशीन हार्डडिस्कवरूनच सुरू होतं, आणि निष्कर्ष निघतो की जुनं मशीन पेनड्राइव्ह घेतच नाही. काही मशीन खरंच घेत नाहीत. पण अनेक अवॉर्ड आणि एएमआय बायोस पेनड्राइव्हला हार्डडिस्कच समजतात. त्यांची आपसातली रांग ‘हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी’ अशा नावाच्या वेगळ्या यादीत लागते. पेनड्राइव्ह लावूनच मशीन सुरू करा, त्या यादीत तो वर आणा. उलट, ‘डिस्क बूट फेल्युअर’ दिसलं तर आधी विसरलेला पेनड्राइव्ह किंवा सीडी काढा. आणि फ्लॉपी ड्राइव्ह कधीच काढून टाकला असेल तर सेटअपमध्येही तो बंद करा. नाहीतर मशीन रोज फ्लॉपी सापडत नसल्याची तक्रार करत राहील.

आता रॅम. “चार जीबी घेतली, सव्वातीनच दिसते, दुकानदाराने फसवलं.” फसवलेलं नसतं. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात, म्हणजे नेमके चार जीबी. या पत्त्यांतूनच ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क आणि खुद्द बायोस चिपलाही जागा द्यावी लागते. तेवढ्या पत्त्यांमागची रॅम झाकली जाते. काही बायोसमध्ये ‘मेमरी रिमॅप’ हा पर्याय असतो. तो सुरू केला की झाकलेला भाग चार जीबीच्या वरच्या पत्त्यांवर हलतो, पण घरगुती विंडोजला तिथवर पोहोचायचं तर ६४ बिटांची आवृत्ती लागते. इंटेलच्या ९४५ चिपसेटला तर चार जीबीच्या वरचे पत्तेच नाहीत. त्यावर कोणतीही सिस्टीम टाका, कोणतंही सेटिंग करा, पूर्ण चार जीबी वापरता येणार नाही. अशा बोर्डासाठी जास्त रॅम विकत घेऊ नका.

ऑनबोर्ड ग्राफिक्सला जास्त मेमरी दिली की मशीन पळतं, हेही खरं नाही. ५१२ एमबीच्या मशीनवर ग्राफिक्सला १२८ दिले तर विंडोजला ३८४ उरतात आणि ते हार्डडिस्क घासत बसतं. ऑफिसच्या कामाला ३२ एमबी पुरतात.

रॅमच्या टायमिंगमध्ये ‘सीएल’ जितका लहान तितकी रॅम वेगवान, हा समज मात्र सुशिक्षित तंत्रज्ञांतही आहे. सीएल ही घड्याळाच्या ठोक्यांची संख्या आहे, वेळ नाही. डीडीआर ४०० चा ठोका ५ नॅनोसेकंदांचा. सीएल ३ म्हणजे १५ नॅनोसेकंद. डीडीआर२ ८०० चा ठोका अडीच नॅनोसेकंदांचा. सीएल ५ म्हणजे साडेबारा. आकडा मोठा, थांबणं कमी. रॅमच्या पट्टीवरच्या एसपीडी नावाच्या एका बारीक चिपमध्ये हे आकडे कंपनीने लिहून ठेवलेले असतात आणि सेटिंग ‘ऑटो’ किंवा ‘बाय एसपीडी’ ठेवलं की बायोस ते वाचतो. तसंच राहू द्या.

मशीन सुरू होताना रॅमचे आकडे भराभर मोजले जातात, म्हणून रॅम तपासली गेली असं समजू नका. ती मोजणी वरवरची असते. ‘क्विक बूट’ सुरू असेल तर आणखी त्रोटक. अधूनमधून निळी स्क्रीन येत असेल तर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. त्यात एक चूक दिसली तरी रॅमची पट्टी संशयित. मशीनची वायर काढून पट्टी बाहेर काढा, खोडरबराने संपर्काच्या कडा पुसा, दुसऱ्या खाचेत बसवून पुन्हा चाचणी घ्या.

आणि पुन्हा कोणी म्हणालं की हार्डडिस्क गेली, तर लगेच हो म्हणू नका. ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायला लावा आणि तुमच्या फायली उघडतात का, ते तुमच्या डोळ्यांदेखत दाखवायला सांगा.