कानांनी पाहिलेला खेळ

मैदानावर पराक्रम करणाऱ्याची कीर्ती गाणारे पुष्कळ असतात. परंतु तो पराक्रम ज्याच्या वाणीच्या द्वारे घरोघरी पोहोचला, त्याचे ऋण स्मरणारे विरळाच. महाराष्ट्रात क्रिकेटची गोडी आबालवृद्धांस लागली, याचे श्रेय जितके खेळाडूंचे तितकेच आकाशवाणीवरून खेळाचे धावते वर्णन करणाऱ्या मूठभर माणसांचे आहे. त्यांत पुण्याचे कै. बाळ ज. पंडित यांचे स्थान फार वरचे होय. २०१५ च्या सप्टेंबर महिन्यात ते निवर्तले. त्यांच्या कार्याचे मोल तरुण वाचकांस कळावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडे या कलेचा पाया मुंबईत व इंग्रजी भाषेतून घातला गेला. ए. एफ. एस. तल्यारखान हे पारशी गृहस्थ चौरंगी व पुढे पंचरंगी सामन्यांचे वर्णन करीत. उपाहाराची व चहाची सुट्टी वगळता सबंध दिवस ते एकटेच बोलत, इतके त्यांचे वाणीवर प्रभुत्व होते. १९४८-४९ साली वेस्ट इंडीजचा संघ आला असता तीन समालोचकांची योजना झाली. तेव्हा आपल्या आसनावर भागीदार घेणे न रुचून ते बाजूस झाले. त्यांची योग्यता निःसंशय मोठी. तथापि ते इंग्रजी वर्णन दिवाणखान्यातच राही. माजघरात निवडणटिपण करीत बसलेल्या काकूंस किंवा ओसरीवरच्या आजोबांस त्यातून टाळ्यांच्या आवाजापलीकडे फारसे काही मिळत नसे.

ही उणीव मराठी समालोचनाने भरून काढली, आणि मराठीतील आद्य समालोचकांत पंडितांची गणना होते. पुण्यात विद्या व क्रिकेट यांचे वैर कधीच नव्हते. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर यांनी १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्रास रणजी करंडक मिळवून दिला, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्याच परंपरेत पंडित वाढले. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी स्पर्धेत खेळले होते. त्यामुळे त्यांचे बोलणे ऐकीव नव्हते. लेखणीही त्यांना वश होती. क्रिकेटवर त्यांनी अनेक पुस्तके लिहिली व सुनील गावसकर यांच्या ‘सनी डेज’ या आत्मकथेचा मराठी अनुवाद केला.

मराठीतून क्रिकेट सांगावयाचे म्हणजे प्रथम शब्द हवेत. हे शब्दभांडार कोणा एकाचे नव्हे. वृत्तपत्रकार व समालोचक या दोघांनी ते वापरून रूढ केले. त्याची घडण मोठी मनोरंजक आहे. ‘यष्टी’ म्हणजे काठी, ‘षट्क’ म्हणजे सहांचा समूह. हे दोन संस्कृतातून आले. ‘गोलंदाज’ हा मूळचा तोफखान्यातला, तोफ डागणारा. त्यातला ‘अंदाज’ फारसी. ‘पायचीत’ व ‘त्रिफळाचीत’ यांतील ‘चीत’ तालमीच्या हौद्यातून आले, तर ‘धावबाद’ यातील ‘बाद’ जमाखर्चाच्या वहीतून. क्वचित शब्द अपुराही पडे. १९७७-७८ साली भारतीय संघ ऑस्ट्रेलियात खेळला, तेव्हा तेथील षटक आठ चेंडूंचे होते! तरीही शब्द टिकला. कारण तो लोकांच्या ओठांवर बसला होता. कोशात पडून राहिलेला शब्द आणि सामन्याच्या ऐन रंगात सहज उच्चारला गेलेला शब्द यांत हाच भेद आहे.

शब्दांहून कठीण ते त्यांचे प्रयोजन. ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्याने दिसते ते सारे सांगू नये व आवश्यक ते वगळू नये. गोलंदाज कोणत्या टोकाकडून येतो, क्षेत्ररक्षक कोठे उभे आहेत, फलंदाज डावखुरा की उजवा, हे सांगितल्यावाचून श्रोत्याच्या मनात मैदान उभे राहत नाही. धावसंख्या तर पुनःपुन्हा सांगावी लागते. कारण भाताचे आधण ठेवून परत आलेल्या गृहिणीसाठी खेळ त्या क्षणापासूनच सुरू होतो. आणि षटक संपले की सहकाऱ्यास वाट देऊन गप्प बसणे, हाही या विद्येचाच भाग आहे. कित्येक चांगल्या वक्त्यांस तो अखेरपर्यंत साधत नाही.

समालोचक म्हटला की संजयाचे स्मरण होते. परंतु संजयाचा खरा मोठेपणा त्याच्या दिव्यदृष्टीत नव्हे. पुत्रप्रेमाने व्याकूळ झालेल्या राजापुढे बसून त्याने त्याच्याच पुत्रांचा पराभव जसा घडला तसा सांगितला, यात त्याचा मोठेपणा आहे. क्रिकेट ऐकणारे आपण सारे थोडेबहुत धृतराष्ट्रच! माझ्यांचे काय झाले, एवढेच आपल्याला हवे असते. १९७१ साली ओव्हलवर अजित वाडेकर यांच्या संघाने इंग्लंडला नमविले, ती वार्ता कोणीही आनंदाने सांगेल. परंतु तीनच वर्षांनी लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत आटोपला, तेव्हा प्रतिपक्षाच्या गोलंदाजीस न्याय देऊन बोलणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आपला गडी बाद झाला तो चेंडू चांगला होता, असे समालोचकाने सांगावे व घराने ते मुकाट्याने ऐकून घ्यावे, हे एक मोठे शिक्षण होते. शाळेतल्या नीतिपाठांनी जे कित्येकदा साधत नाही, ते अशा दुपारींनी साधले.

मुंबईस १९७२ साली दूरदर्शन आले आणि पुढे डोळ्यांनी कानांचे काम काढून घेतले. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. मात्र बोललेला शब्द हवेत विरतो. धावा नोंदवहीत उरतात, त्या सांगणाऱ्याचा स्वर उरत नाही. म्हणून अशा माणसांची कृतज्ञतेने आठवण ठेवणे हे श्रोत्यांचेच कर्तव्य ठरते. ते फेडण्याचा एक सोपा मार्ग सुचवावासा वाटतो. घरात दृष्टी मंदावलेले आजोबा किंवा आजी असतील, तर पुढच्या सामन्याच्या वेळी चित्रवाणीचा आवाज बंद करून घरातल्या एखाद्या मुलाने त्यांना खेळ मराठीतून सांगावा. काही वाढवू नये, काही लपवू नये. दहा षटकांतच त्याला पंडितांची योग्यता कळेल, आणि ऐकणाऱ्यास त्या जुन्या दुपारी पुन्हा भेटतील.