शाळेची वाट पायीच बरी

सकाळी शाळेच्या वेळेला आमच्या गावच्या रस्त्यावर मोटारसायकलींची रीघ लागते. शाळा एका किलोमीटरवर. पण बाप पुढे आणि दप्तरासह मूल मागे! या रांगेत आम्हीही होतो. धाकटा सहावीत गेला, तेव्हा 'चालण्याचा वेळ वाचला तर तेवढाच अभ्यास होईल' म्हणून आम्ही त्याचे चालणे बंद केले. दोन महिन्यांनी वर्गाच्या बाईंचा निरोप आला : मुलगा पहिल्या तासाला पेंगतो. वाचवलेली वीस मिनिटे अशी वाया गेली.

असे का व्हावे? चालताना हृदयाचे ठोके वाढतात, अंगात रक्त जोराने खेळते, सुस्ती जाते. अशा ताज्या अंगाने वर्गात बसलेल्या मुलाचे लक्ष लवकर लागते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली नऊ-दहा वर्षांच्या वीस मुलांवर प्रयोग केला. एके दिवशी त्यांना वीस मिनिटे झपझप चालवले, दुसऱ्या एका दिवशी तेवढाच वेळ बसवून ठेवले. चालून आल्यावर मुलांची उत्तरे अधिक अचूक आली आणि वाचलेलेही त्यांना अधिक चांगले समजले. प्रयोग लहान असला, तरी विचार करण्याजोगा आहे.

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग गावी एलेन वायली या मुख्याध्यापिकेने २०१२ साली मुलांना रोज पंधरा मिनिटे मैदानावर धावायला किंवा चालायला सोडण्याचा पाठ सुरू केला. ना गणवेश बदलायचा, ना साहित्य लागायचे. पुढे अनेक देशांतील शाळांनी तो उचलला.

मात्र चालणे म्हणजे काबाडकष्ट नव्हेत. पहाटे उठून गोठा झाडणारे, पाणी भरणारे आणि उपाशीपोटी शाळेला धावणारे लेकरू आधीच दमलेले असते. त्याला आधी भाकरी आणि झोप हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री निदान नऊ तासांची झोप लागते. म्हणून आई-बापांनी एवढे करावे :

१. मुलाला वेळेवर निजवावे आणि काहीतरी खाऊनच घराबाहेर पाठवावे.

२. शेजारची चार मुले-मुली मिळून पाठवावीत. पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे चालायला शिकवावे.

३. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावे.

४. शाळा लांब असेल, तर मुलाला थोडे अलीकडे उतरवून शेवटचा टप्पा बरोबर चालावे. धो धो पावसात पडवीत दोरीच्या उड्या चालतील.

५. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच व्यायाम ठरवावा.

आमचा धाकटा आता पुन्हा शेजारच्या मुलांबरोबर चालत जातो. गुणांची रास पडली असे नाही. पण बाईंचा तसा निरोप काही पुन्हा आला नाही.