सूत्रशाळेंतील स्त्रिया आणि राष्ट्राची संपत्ति

कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्री पोथी म्हैसूर येथें पंडित शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ सालीं आली व १९०९ मध्यें ग्रंथ छापून निघाला, हें संशोधकांस विदित आहेच. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील सूत्राध्यक्षाच्या प्रकरणाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

विधवा, व्यंग स्त्रिया, कन्या, प्रव्रजिता, वृद्ध राजदासी यांजकडून लोकर, कापूस, शण इत्यादिकांचें सूत कांतवावें व सुताचा पोत आणि परिमाण पाहून वेतन ठरवावें, असें तेथें विधान आहे. घराबाहेर न पडणारींस दासींकरवीं सन्मानपूर्वक काम पोंचवावें. पहांटे सूत्रशाळेंत आलेल्या स्त्रीचें मुख न्याहाळणाऱ्यास पूर्वसाहस दंड. परंतु वेतनास विलंब करणाऱ्यास त्याहून मोठा मध्यमसाहस दंड. उलटपक्षीं वेतन घेऊन काम न करणारीस शासनही क्रूर आहे. तेव्हां हा निव्वळ दानधर्म नसून राजकोशाचा व्यवहार होता, हें उघड आहे.

आतां दुसरा पुरावा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्सिस बुकॅनन यानें पाटणा व बिहार जिल्ह्याची पाहणी केली, तींत सूत कांतणाऱ्या स्त्रिया ३,३०,४२६ भरल्या. बहुतेक जणी दुपारीं कांहीं घटकाच कांतीत. सुताची वार्षिक किंमत २३,६७,२७७ रुपये. कापसाचे १२,८६,२७२ वजा जातां १०,८१,००५ उरत, म्हणजे दरडोई सुमारें सव्वातीन रुपये. प्राप्ति अल्प खरी, पण ती घरबसल्या होती. पुढें गिरणीच्या सुतानें चरखा बसला. यंत्रानें सूत वाढलें, परंतु या स्त्रियांची मिळकत बुडाली.

संपत्ति वाढली कीं स्त्रियांचा उद्योग वाढतोच, हा समज म्हणूनच सदोष आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनीं १९९५ मध्यें प्रतिपादिलें कीं ही रेषा प्रथम उतरते व मागाहून चढते. शेत व घर यांतील काम कारखान्याकडे जातें. कुटुंबाची मिळकत वाढते, आणि कारखान्यांतील मजुरी स्त्रीस कमीपणाची मानली जाते. पुढें शिक्षण व कचेरींतील कामें आलीं म्हणजे ती पुनः बाहेर पडते. गोल्डिनबाईंस २०२३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

गणनेचा प्रश्नही लहान नाहीं. सरकारी पाहणीप्रमाणें भारतांत पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकीं श्रमबळांत २०१७-१८ मध्यें शेंकडा २३.३ होत्या, त्या २०२३-२४ मध्यें ४१.७ झाल्या, मात्र घरच्या धंद्यांत विनावेतन राबणाऱ्याही त्यांत धरिल्या आहेत. काम आणि कमाई या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें कौटिल्याचा दंड अधिक स्पष्टपणें सांगतो.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, हिशेबाचे मोडी रुमाल उलगडतांना स्त्रियांच्या मजुरीची नोंद आढळल्यास ती किरकोळ म्हणून वगळूं नये. राष्ट्राच्या संपत्तीचा इतिहास लिहितांना त्या ओळींवांचून बेरीज जुळणार नाहीं.