धावणाऱ्यांचे दान

लोणावळ्यास लागून असलेले वलवण हे गाव मुंबई-पुण्याच्या प्रवाशांस दोन कारणांनी परिचित आहे. द्रुतगती मार्गावरून लोणावळ्यात उतरणारा रस्ता येथे फुटतो, हे एक. आणि टाटांच्या जलविद्युत् योजनेचा विस्तीर्ण तलाव येथे आहे, हे दुसरे. अलीकडच्या काळात ह्या परिसरास तिसरीही एक ओळख मिळाली आहे. लोणावळ्याहून निघून मावळातील चढउतारांच्या वाटांनी ३५ आणि ५० किलोमीटर धावण्याच्या शर्यती येथे झाल्या आहेत. उजाडण्यापूर्वीच्या अंधारात कपाळास दिवे बांधून निघालेली मंडळी पाहून एखाद्या मावळी शेतकऱ्याने तोंडात बोट घातले, तर त्यास दोष देता येणार नाही. त्याचे चालणे पोटासाठी. आणि हे लोक तर पदरचे पैसे खर्चून दमावयास आलेले!

ह्याहूनही नवलाची गोष्ट अशी की, अशा दमछाकीतून आज जगभर इस्पितळांस, शाळांस आणि अनाथाश्रमांस मोठमोठ्या रकमा मिळत आहेत. एकाने धावावयाचे, दुसऱ्याने पैसे द्यावयाचे आणि त्यायोगे तिसऱ्याचे दुःख हलके व्हावयाचे, असा हा व्यवहार आहे. सरळ विचार करणारा गृहस्थ विचारील की, ज्यास पैसे द्यावयाचे आहेत त्याने ते घरी बसून का देऊ नयेत? धावणाऱ्याच्या घामाचा आणि आजारी मुलाच्या औषधाचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

प्रथम हा व्यवहार चालतो कसा ते पाहू. आपल्याकडील ठळक उदाहरण मुंबईच्या मॅरेथॉनचे. ही शर्यत २००४ साली सुरू झाली. तिचे पूर्ण अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. पण वृद्धांसाठी, अपंगांसाठी आणि हौशी नागरिकांसाठी तीत लहान अंतरेही ठेवलेली आहेत. शर्यतीच्या निमित्ताने नोंदणीकृत सेवासंस्था आपापले कार्य लोकांपुढे मांडतात. काही धावक नेहमीच्या प्रवेशशुल्काहून बरीच अधिक रक्कम भरून एखाद्या संस्थेच्या नावाने धावतात. काही जण आधी संकल्प सोडतात की, अमुक संस्थेसाठी अमुक रक्कम उभी करीन. आणि मग आप्तेष्टांस व सहकाऱ्यांस पत्रे धाडतात. कंपन्या आपल्या नोकरवर्गाचे संघ उतरवितात आणि त्यांच्या नावे देणग्या देतात. २०२० सालच्या एकाच शर्यतीच्या निमित्ताने ४० कोटी रुपयांहून अधिक निधी जमला. लंडनची मॅरेथॉन १९८१ साली सुरू झाली, आणि तिच्या निमित्ताने आजवर जमलेला निधी १०० कोटी पौंडांच्या पलीकडे गेला आहे. शर्यत एका दिवसाची. परंतु तिच्या आधीचे चारसहा महिने प्रत्येक धावक हा एक चालताबोलता प्रचारक बनलेला असतो. निधीचे खरे काम त्याच महिन्यांत होते.

परंतु लोक ह्या प्रचारकाचे ऐकतात का? ह्याचे उत्तर मानवी शरीरात आहे. सुमारे ६० किलो वजनाचा मनुष्य एक किलोमीटर धावला, की ढोबळ मानाने ६० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. स्नायूंत आणि यकृतात साठविलेली साखर सुमारे २००० किलोकॅलरींपुरती असते. हिशोब केला तर ती तीसबत्तीस किलोमीटरांपर्यंत पुरते. पुढे शरीरास चरबीवर अधिकाधिक विसंबावे लागते, आणि चरबी सावकाश जळते. म्हणूनच तिसाव्या किलोमीटरानंतर चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसाचे पाय शिशाचे होतात. घाटवाटेवर आणखी एक विशेष आहे. चढताना दम लागतो, पण पाय मोडतात ते उतरताना. कारण उतारावर शरीर रोखून धरण्यासाठी मांड्यांच्या स्नायूंस ताणलेल्या स्थितीत जोर लावावा लागतो. बोरघाट पायी उतरलेल्या मनुष्यास ही गोष्ट दुसऱ्या दिवशी जिन्यावर कळते.

ह्या सर्वांवर उपाय एकच, आणि तो म्हणजे कित्येक महिन्यांचा नियमित अभ्यास. हा अभ्यास विकत मिळत नाही, उसना आणता येत नाही, नोकराकडून करवून घेता येत नाही. लोणावळ्यातच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगाभ्यासाचे शरीरावर होणारे परिणाम शास्त्रीय उपकरणांनी तपासण्यास आरंभ केला. शरीर हे नित्याभ्यासाने घडते, एका दिवसाच्या आवेशाने नव्हे, हा धडा त्या वास्तूच्या शेजारून धावत जाणाऱ्यासही लागू आहे. मनुष्य पैशाविषयी खोटे बोलू शकतो, विद्वत्तेचे सोंग आणू शकतो. पण ४२ किलोमीटर धावल्याचे सोंग पायांस आणता येत नाही. शेजारचा एखादा गृहस्थ रोज पहाटे पाच वाजता धावावयास निघतो आणि सहा महिन्यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी हजार रुपये मागतो, तेव्हा त्याने मागण्यापूर्वी स्वतःचे काही तरी दिलेले असते. त्याचे श्रम हे त्याच्या शब्दाचे तारण होय. दात्याचा हात खिशाकडे जातो तो ह्या तारणामुळे.

ही कल्पना परदेशातून आलेली आहे असे मानण्याचे कारण नाही. आळंदी-देहूहून पंढरीस पायी जाणारा वारकरी देणगी मागत नाही. तथापि त्याच्या वाटेवर जागोजाग अन्नदान घडते, ते त्याच्या पायपिटीस मान देऊनच. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, व पुढे तो हिंगण्यास नेला. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून हिंगण्याची वाट तुडवीत आश्रमात शिकविण्यास जावयाचे, हा क्रम त्यांनी ऊनपावसात चालविला. स्वतःची शिल्लक आधी संस्थेस देऊन मगच त्यांनी लोकांपुढे हात पसरला. चार-आठ आण्यांची वर्गणी मागत दारोदार फिरणाऱ्या त्या मितभाषी प्राध्यापकास वक्तृत्वाची गरज पडली नाही. त्यांची धुळीने भरलेली पावलेच बोलत होती.

ह्याच परंपरेतील सर्वांत विशाल उदाहरण वलवणच्या घाटाखालचेच आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे हे विनोबा भावे ह्यांचे जन्मगाव. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याजवळ ८० एकर जमिनीची मागणी केली, आणि रामचंद्र रेड्डी ह्यांनी सभेतच उभे राहून १०० एकर देऊ केली. त्या दिवसापासून पंचावन्न वर्षांचा तो कृश मनुष्य तेराहून अधिक वर्षे गावोगाव पायी हिंडला आणि जमीन मागत गेला. ४० लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे त्यांच्या हाती आली. विनोबा मोटारीतून फिरले असते, तर एवढी जमीन मिळाली असती काय? उत्तर ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

आधुनिक क्रीडाप्रकारांत ह्या कल्पनेस शिस्तीचे रूप दिले ते गुरखा सैनिकांनी. हाँगकाँगमधील गुरखा पलटणीने १९८१ साली तेथील डोंगरांतून जाणारी १०० किलोमीटरांची मॅकलेहोझ नावाची वाट सरावासाठी एका दमात पार करण्याचा उपक्रम सुरू केला व त्यातून देणग्या जमविल्या. १९८६ साली ऑक्सफॅम ह्या संस्थेच्या सहकार्याने तो नागरिकांस खुला झाला. नियम मोठा अर्थपूर्ण आहे. चौघांचा संघ असावा, चौघांनी बरोबर निघावे आणि ४८ तासांच्या आत चौघांनी बरोबरच पोहोचावे. सर्वांत बलवान गड्याने किती वेळ घेतला ह्यास तेथे महत्त्व नाही. सर्वांत अशक्त गड्यास घेऊन संघ पोहोचला की नाही, हे पाहावयाचे. परोपकाराची व्याख्या ह्याहून थोडक्यात करणे कठीण. पुढे हा उपक्रम अनेक देशांत पसरला आणि मुंबईनजीकच्या डोंगरांतही अशा पदयात्रा झाल्या.

येथवरचा भाग आनंदाचा आहे. परंतु तो अर्धाच आहे. तारण खरे असले, म्हणजे कर्जाचा विनियोग योग्य होतोच असे नाही. २०२० सालच्या साथीत इंग्लंडमधील टॉम मूर नावाच्या ९९ वर्षांच्या निवृत्त सैनिकाने काठीच्या चौकटीचा आधार घेऊन आपल्या बागेत शंभर फेऱ्या घालण्याचा संकल्प केला. अपेक्षा १००० पौंडांची होती. जमले ३ कोटी २० लाख पौंडांहून अधिक, आणि ते तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या धर्मादाय निधीस मिळाले. त्याच थोर गृहस्थाच्या नावाने पुढे काढलेल्या दुसऱ्या एका संस्थेच्या कारभारावर मात तेथील धर्मादाय आयोगाने २०२४ च्या अहवालात कडक ठपका ठेवला. फेऱ्या घालणाऱ्याचे पाय निष्कलंक होते; दोष होता तो पुढच्या व्यवस्थेत. भूदानातही असेच झाले. दानपत्रे आली, परंतु त्यांतील पुष्कळशी जमीन खडकाळ वा तंट्यात अडकलेली निघाली, आणि मोठा भाग भूमिहीनांच्या हाती कधी पडलाच नाही. विनोबांच्या पावलांत खोट नव्हती. पण पावलांमागून येणारा मोजणीदार आणि कारकून पुरेसा जागरूक नव्हता.

ह्यावरून निघणारे तात्पर्य वलवणच्या तलावाकडे पाहिले असता चटकन ध्यानात येते. ह्या भागात पाऊस पडतो तो चार महिने, पण पडतो असा की डोळ्यांपुढचे दिसू नये. पूर्वी ते सारे पाणी कडे कोसळून वाहून जात असे. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला बसली. वलवण, शिरवता आणि लोणावळा येथे पाणी अडविण्यात आले, आणि १९१५ सालापासून तेच पाणी ५०० मीटरांहून अधिक खाली खोपोलीच्या वीजगृहात उतरून मुंबईस वीज पुरवू लागले. पाऊस पूर्वीही तितकाच पडत होता; परंतु धरण झाल्यावरच त्याचा दिवा झाला. शर्यतीच्या दिवसाचा उत्साह हा असाच एका दिवसाचा पाऊस होय. तो अडवून ठेवणारी, वर्षभर बेताबेताने खर्च करणारी आणि थेंबाथेंबाचा हिशोब देणारी संस्था असेल, तरच त्याचे औषध होते, पुस्तक होते, जेवण होते. नसेल, तर राहतो तो नुसता चिखल.

म्हणून सुजाण कुटुंबापुढे एखादा तरुण अशी मागणी घेऊन आला, तर त्याच्या पाठीवर थाप मारून झाल्यावर काही प्रश्न अवश्य विचारावेत. पैसा शर्यतीच्या चालकांकडे जातो की थेट संस्थेकडे? धावणाऱ्याचे प्रवेशशुल्क, पोशाख आणि प्रवास ह्यांचा खर्च देणगीतून तर निघत नाही ना? संस्था पावती देते काय, तपासलेला जमाखर्च प्रसिद्ध करते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मागील वर्षीच्या रकमेतून काय झाले? ह्या प्रश्नांनी खरा धावक रागावणार नाही. उलट त्याने ते स्वतः आधीच विचारलेले असतील. घरातील वडील माणसांनी आणखी एक चौकशी करावी, ती धावणाऱ्याच्या प्रकृतीची. सराव न करता, वैद्याचा सल्ला न घेता, केवळ सत्कार्याच्या भरात पन्नास किलोमीटरांस निघणे हे दान नव्हे, अविचार आहे. आणि ज्या गावातून शर्यत जाते, तेथे पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा सडा पडू देणे, हेही परोपकाराच्या व्याख्येत बसत नाही.

शेवटी एका वेगळ्या प्रकारच्या दानाचा उल्लेख करणे इष्ट आहे. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र नावाची स्वयंसेवकांची संस्था आहे. गडावर वाट चुकलेल्या, दरीत कोसळलेल्या, पाण्यात वाहून गेलेल्या माणसांच्या शोधास तिचे कार्यकर्ते दोर घेऊन निघतात. मग बाहेर रात्र असो वा मुसळधार पाऊस. डोंगर चढण्याची हौस आणि कमावलेला दमसास ह्यांचा त्यांनी पैशात कधी विनिमय केलेला नाही. ज्यास गरज आहे त्याच्याकडे तो दमसासच थेट नेऊन पोहोचविला आहे. तेथे देणारा आणि घेणारा ह्यांच्यामध्ये फक्त एक दोर असतो.

प्रत्येकास असे जमणार नाही, आणि प्रत्येकाने धावलेच पाहिजे असेही नाही. परंतु पहाटेच्या अंधारात वलवणच्या रस्त्याने एखादा दिवा हलत जाताना दिसला, तर त्यामागे कोणाचे तरी कष्ट आहेत आणि पुढे कोणाची तरी आशा आहे, एवढे ध्यानात ठेवावे. त्या आशेपर्यंत ते कष्ट पोहोचतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र धावणाऱ्याइतकीच रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या आपणा सर्वांची आहे.