कोसंबींचा एच-इंडेक्स

नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, तारीख जवळ आली की आमच्या ग्रंथालयात पुस्तकं मागणारे कमी आणि आकडे मागणारे जास्त येतात. "मॅडम, माझा एच-इंडेक्स काढून देता का?"

कृती सोपी आहे. गुगल स्कॉलरवरची निबंधांची यादी एक्सेलमध्ये घ्यायची, सायटेशनप्रमाणे, म्हणजे इतरांनी किती वेळा संदर्भ दिला त्याप्रमाणे, उतरत्या क्रमानं लावायची, शेजारी अनुक्रमांक टाकायचे आणि सायटेशन अनुक्रमांकापेक्षा कमी होईपर्यंत बोट खाली नेत जायचं. सातव्या निबंधाला नऊ सायटेशन, आठव्याला आठ, नवव्याला पाच. बोट आठवर थांबतं, इंडेक्स आठ. होर्हे हर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञानं हे माप २००५ साली सुचवलं.

वेळ खातं ते त्याआधीचं काम, नावं जुळवण्याचं. एकाच मॅडमचे निबंध माहेरच्या आडनावानं आणि सासरच्याही. एस. आर. पाटील म्हणून शोधावं तर मातीतला नत्र आणि पित्ताशयातले खडे एकाच यादीत येतात. त्यात स्कोपस या सायटेशन मोजणाऱ्या सूचीचा आकडा वेगळा, कारण ते निवडक प्रकाशनंच मोजतं. गुगल स्कॉलर प्रबंधही धरतं. प्राध्यापक कुठला आकडा पसंत करतात, हे सांगायला नको.

मग सगळ्या विषयांचे प्राध्यापक एका तक्त्यात. जीवरसायनाच्या निबंधाखाली संदर्भांची लांबलचक यादी असते, गणिताच्या निबंधाखाली बऱ्याचदा पानभरही नसते. जिथे देणारे हात जास्त, तिथे घेणाऱ्याची झोळी लवकर भरते. जीवशास्त्रात हा इंडेक्स वरच राहतो, हे हर्शनं पहिल्याच निबंधात नोंदवलं होतं. स्कोपस त्यावर एक तोडगा देतं: त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या निबंधांच्या जागतिक सरासरीशी तुलना, सरासरी म्हणजे १. पण तो रकाना आमच्या तक्त्यात नाही.

एका रिकाम्या दुपारी मी दामोदर धर्मानंद कोसंबींची यादी लावायला घेतली. गोव्यात जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारं पुस्तक लिहिणारा माणूस कुठल्या विषयात धरायचा, इथेच पहिली अडचण. दुसरी नावाची. वडील धर्मानंद पालीचे पंडित, त्यांचंही आद्याक्षर 'डी'च. पुढे काही गणिती निबंध दामोदररावांनी 'एस. डूक्रे' या टोपणनावानं छापले; यंत्र ते कुणाच्या खात्यावर टाकणार? आणि बोर्बाकी नावाच्या कपोलकल्पित गणितज्ञाच्या प्रमेयावर त्यांनी थट्टेनं लिहिलेला निबंध आहे. मोजणीत तोही एक पेपर! (आजचं एखादं बोगस नियतकालिक तो गंभीरपणे छापेलही.)

त्यांचा १९४४ सालचा छोटा निबंध गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढण्याच्या सूत्राबद्दल आहे. आज एखाद्या पिकाचा जनुकीय नकाशा करायला बसलेला विद्यार्थी संगणकावर 'हॉल्डेन' सूत्र की 'कोसंबी' सूत्र एवढंच निवडतो आणि प्रबंधात लिहितो, 'कोसंबी फंक्शन वापरलं'. संदर्भसूचीत मात्र मूळ निबंध असेलच असं नाही. सूत्र इतकं अंगवळणी पडलंय की त्याचा पत्ता द्यायची गरज कुणाला वाटत नाही. पत्ता दिला नाही, म्हणजे सायटेशन नाही. संध्याकाळपर्यंत माझी यादी काही पुरी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मराठीचे सर आले. बोलीवरचं त्यांचं पुस्तक आमच्या ग्रंथालयात इतकं फिरलंय की दोनदा बांधून घ्यावं लागलं. ज्यांनी त्याचा आधार घेतला, त्यांनी तळटिपेत एकदा नाव दिलं आणि पुढे 'तत्रैव', 'तत्रैव' लिहीत गेले. स्कोपसमध्ये सरांच्या नावाची नोंदच नाही.

"मग रेघ मारा," सर म्हणाले.

मारून पाहिली. ऑनलाइन फॉर्म पुढे सरकेना. त्या चौकटीत आकडाच लागतो. सरांना विचारून शून्य टाकलं आणि सबमिट केलं.