दाखल-खारीजचा शेवटचा रकाना

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या ज्या हायस्कूलला मी गणित शिकवलं, तिथं आता नववी-दहावी भरत नाही. पट घटला, वर्ग मोठ्या गावच्या शाळेला जोडले.

मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलं बरीच दिसतात, त्याला कारण आहे. निजामाच्या राज्यात हायस्कुलं मोजकी, शिकवणं उर्दूतून. १९४८ ला मुक्ती मिळाली, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि सरकारी शाळा त्यांच्याकडे गेल्या. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा झाला १९९९ ला. स्वतः दहावीपर्यंत न पोचलेल्या बापांनी वर्गणी काढून आमच्या शाळेच्या खोल्या उभ्या केल्या होत्या.

मग ज्यांची ऐपत होती त्यांची मुलं व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. उरलेल्यांतली कित्येक दिवाळी झाली की आईबापांमागं ऊसतोडीला. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ती पटावर ठरते. पट घटला की शिक्षक कमी, शिक्षक कमी झाले की आणखी चार पालक टीसी मागायला येतात.

२०१७ ला राज्यानं दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरवलं तेव्हा गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. पण त्या लहान मुलांमागं निदान शिक्षण हक्क कायदा उभा होता: पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत शाळा, आठवीपर्यंत तीन. नववीत पाऊल टाकलं की हा कायदा संपतो. मुलगी नेमकी त्याच वयात घरी बसते.

दाखल-खारीज रजिस्टरात शाळा सोडल्याचं कारण लिहायचा रकाना असतो. वर्ग जोडले त्या वर्षी तिथं एकाच हस्ताक्षरात ओळीनं 'पालकाच्या विनंतीवरून' लिहिलंय. पालकांनी विनंती केलीच नव्हती. पुढं नव्या शाळेच्या हजेरीपटावर त्यातल्या निम्म्या मुलीही नव्हत्या. दोघींची लग्नं त्याच उन्हाळ्यात उरकली. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस मुलींना फुकट नेते, चांगली सोय आहे, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येते. रस्त्याच्या अलीकडं, गावाच्या वाटेवर ओढा आहे, आणि श्रावणात त्याला कमरेइतकं पाणी असतं.

वर्ग जोडायचेच असतील तर आदेशासोबत प्रत्येक मुलीच्या नावापुढं ती कुठल्या गाडीनं, किती वाजता जाणार ते लिहा. जूनमध्ये जी वर्गात दिसणार नाही तिच्या घरी त्याच आठवड्यात कुणीतरी गेलं पाहिजे, लग्न ठरायच्या आत.