वॉटरप्रूफ? किती मीटर, किती मिनिटं?

पहिला पाऊस पडला की भटक्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'बिनधास्त ने, वॉटरप्रूफ आहे!' अंधारबनच्या ट्रेकला निघालेला, देवकुंडला निघालेला आणि तारकर्लीला स्कुबा करायला निघालेला, तिघांनाही हाच सल्ला. तिघांच्या हातातले कॅमेरे मात्र तीन वेगळ्या जातींचे. मग दिवाळीच्या आत त्यातल्या एखाद्याची बटणं चालेनाशी होतात, सर्व्हिस सेंटरवाला 'लिक्विड डॅमेज' असा शेरा मारून वॉरंटी नाकारतो आणि तोच भटक्या सांगत सुटतो, 'सगळे कॅमेरे फसवे असतात.' ही दोन्ही वाक्यं चूक आहेत. कॅमेरा फसवत नाही, त्याच्या खोक्यावर छापलेले आकडे कुणी वाचत नाही.

गैरसमज: वॉटरप्रूफ कॅमेरा पाण्यात कसाही वापरला तरी चालतो.

वस्तुस्थिती: 'वॉटरप्रूफ' हा शब्द एका चाचणीचा निकाल सांगतो. ती चाचणी कोणती, हे 'आयपी' या अक्षरांपुढच्या दोन आकड्यांवरून कळतं. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकात या आकड्यांचे अर्थ ठरवून दिलेले आहेत. भारतानेही तेच मानक स्वीकारलं आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिल्या जागी ६ असेल तर आत धूळ शिरत नाही. दुसऱ्या जागी ७ असेल तर वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवली आणि बिघडली नाही. बस, एवढंच. दीड मीटरबद्दल किंवा तासाभराबद्दल त्यात काहीही म्हटलेलं नाही.

८ आला की लोक निर्धास्त होतात. पण ८ म्हणजे '७ पेक्षा कठीण चाचणी'. किती कठीण, ते ज्याची त्याची कंपनी ठरवते. मोबाइलचंच पाहा. आयफोन १२ आणि गॅलेक्सी एस२१ या दोन्हींवर आयपी६८च आहे. पहिल्याची कंपनी ६ मीटर सांगते, दुसऱ्याची दीड मीटर. वेळ दोन्हीकडे ३० मिनिटं. आकडा एकच, खोली चौपट. तेव्हा 'आयपी६८ आहे' हे उत्तर अर्धवटच असतं. पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: किती मीटर आणि किती वेळ?

आणखी एक गोष्ट सांगितली की लोकांचा विश्वासच बसत नाही. ७ किंवा ८ मिळाला म्हणजे ५ आणि ६ आपोआप मिळाले, असं नसतं. ५ आणि ६ या पाण्याच्या झोताच्या चाचण्या आहेत. ६ साठी साडेबारा मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १०० लिटर पाणी वस्तूवर मारतात. संथ पाण्यात बुडून शाबूत राहिलेली वस्तू या झोतापुढे टिकेलच असं नाही, म्हणून मानकात दोन्ही चाचण्यांचे आकडे वेगवेगळे दाखवायची सोय आहे. ट्रेकहून परतल्यावर चिखल काढायला कॅमेऱ्यावर गाडी धुण्याचा पाइप धरणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

मुळात या चाचण्या होतात त्या नव्याकोऱ्या वस्तूवर, साध्या गोड्या पाण्यात. आपण नेतो तो कातळावर दोनदा आपटलेला, झाकणात वाळू गेलेला, दोन पावसाळे काढलेला कॅमेरा. तोही समुद्रात.

'पण मी तर खोल जातच नाही, वरच्या वर उडी मारतो,' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं भौतिकशास्त्र. पाण्यात दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो, हे शाळेत शिकलेलं असतं. वेगाचाही दाब असतो, हे मात्र विसरलेलं असतं. ५ मीटर उंच कातळावरून डोहात उडी मारली की पाण्याला टेकताना तुमचा वेग सेकंदाला जवळपास १० मीटर असतो. त्या क्षणी कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूवर पडणारा दाब ५ मीटर खोलीइतका भरतो. १ मीटरची चाचणी पार केलेला कॅमेरा तिथेच हद्द ओलांडतो, अजून खोल गेलेलाही नसताना. ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या जेट स्कीवरून हातातला कॅमेरा पाण्यावर आपटला, तर हाच हिशेब १४ मीटरपर्यंत जातो. (डोहात उडी मारावी की नाही, हा कॅमेऱ्याच्या आधीचा प्रश्न. तिथे बंदीची पाटी असेल तर तिला मान द्या.)

आता उपयोगाचे आकडे. गोप्रोचे मुख्य हिरो कॅमेरे २०१६ च्या हिरो ५ पासून केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतात. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ५ प्रो २० मीटरपर्यंत, ऑलिम्पसचा टफ टीजी-६ १५ मीटरपर्यंत. किनाऱ्यावर, ओढ्यात, होडीत हे भरपूर झालं. स्कुबासाठी मात्र १० मीटरच्या कॅमेऱ्याला वेगळी डाइव्ह केस घ्याच. ती घातली की गोप्रोचे हे कॅमेरे ६० मीटरपर्यंत नेता येतात.

हे सगळे मीटर एका रबरी सीलवर अवलंबून असतात. बॅटरीच्या झाकणामागची ती बारीक कड. तिच्यावर डोक्याचा एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला की छापलेले मीटर शून्य. रबर जुनं होतं, कडक होतं. टफ कॅमेऱ्यांचं सील वर्षातून एकदा बदलून घ्या, असं ती कंपनीच सांगते. आयफोनच्या माहितीतही लिहिलेलं असतं की पाण्यापासूनचं संरक्षण कायमचं नसतं, वापराने ते कमी होतं, आणि द्रवाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. समुद्रातून आल्यावर झाकण बंद ठेवूनच कॅमेरा थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. मग पुसा, कोरडा होऊ द्या आणि त्यानंतरच झाकण उघडा. मीठ सीलवर सुकलं तर त्याचे खडे होतात आणि झाकण नीट बसत नाही.

गैरसमज: लेन्स आतून धुकट झाली, म्हणजे पाणी शिरलं.

वस्तुस्थिती: बऱ्याचदा शिरलेली असते ती हवा, आणि ती तुम्हीच कोंडलेली असते. कोकणात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना बॅटरी बदलली की तीच दमट हवा झाकणाआड बंद होते. अशा हवेतली वाफ साधारण २६ अंशांना दव बनते. कॅमेरा धबधब्याच्या गार पाण्यात गेला की लेन्सची काच २६ च्या खाली उतरते आणि आतून धुकं धरतं. बॅटरी आणि कार्ड शक्यतो कोरड्या खोलीत, आदल्या रात्रीच बदला. आत जागा असेल तर अँटी-फॉगची पट्टी ठेवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'मिलिटरी ग्रेड आहे.' मिल-स्टँडर्ड ८१० ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचण्या कशा घ्याव्यात हे सांगणारी पुस्तिका आहे. कंपन्यांना तिचं प्रमाणपत्र देणारी कुठलीही संस्था नाही. कोणती चाचणी केली, किती उंचीवरून टाकलं, हे लिहिलेलं नसेल तर तो नुसता शिक्का समजा.

'मेगापिक्सेल जास्त, तर व्हिडिओ चांगला.' फोर-के व्हिडिओला सुमारे ८३ लाख पिक्सेल पुरतात. संध्याकाळच्या उजेडात फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. 'एक इंची' म्हणून विकला जाणारा सेन्सर लहान ॲक्शन कॅमेऱ्यांतल्या १/२.३ इंची सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने चौपट असतो.

'झूम दोनशे पट!' त्यातला ऑप्टिकल झूम किती, ते विचारा. बाकीचा झूम म्हणजे चित्र कापून मोठं केलेलं. ॲक्शन कॅमेऱ्यांत ऑप्टिकल झूम सहसा नसतोच, त्यामुळे समोरचा सुळका काडीएवढा दिसतो.

'कार्ड कुठलंही चालतं.' सेकंदाला १०० मेगाबिटच्या फोर-केला मिनिटाला ७५० मेगाबाइट लागतात, म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. कार्डावरचा मोठ्ठा आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो. लिहिण्याच्या वेगासाठी 'व्ही३०' ही खूण पाहून घ्या.

'हिमालयात बॅटरी मेली.' मेली नाही, गारठली. आतल्या खिशात ठेवा, ऊब मिळाली की बराचसा चार्ज परत येतो.

'वॉटरप्रूफ आहे, मग माइक लावून पावसात मुलाखत घेऊ.' अनेक कॅमेऱ्यांत माइकसाठी झाकण उघडावं किंवा काढावं लागतं. ते उघडलं की वॉटरप्रूफपण संपलं.

आता घ्यायचा कोणता? पाऊस, ओढा, सायकल, होडी यांसाठी ॲक्शन कॅमेरा. दूरचे पक्षी, सुळके किंवा गावची जत्रा यांसाठी ऑप्टिकल झूमचा साधा हँडीकॅम आणि त्यावर रेन कव्हर. दोन्ही एकात असलेला मजबूत हँडीकॅम जेव्हीसीने एव्हरिओ आर मालिकेत दिला होता: ४० पट ऑप्टिकल झूम, ५ मीटर पाणी, दीड मीटरवरून पडणं, उणे १० अंश. आज तो मिळेल तो बहुधा सेकंडहँड, आणि सेकंडहँड म्हणजे जुनं सील. त्याचा झूम वापरा, त्याला पाण्यात नेऊ नका.

खरेदीला जाण्याआधी त्या मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या आणि पाण्याबद्दलचं पान वाचा. किती मीटर, किती मिनिटं, खाऱ्या पाण्यात चालतो का, सील कधी बदलायचं आणि पाणी शिरलं तर वॉरंटी मिळते का? या पाच प्रश्नांची उत्तरं त्या पानावर नसतील, तर दुकानदार काहीही सांगो, तो कॅमेरा फक्त पावसाच्या शिंतोड्यांपुरताच आहे असं समजा.